बा रेवदंड्याला एकट्या राहतात



"तुमच्या सासूबाई अजून तिकडे एकट्याच राहतात?" हा प्रश्न मला लग्नात, वरघोड्यात, अगदी पारण्याच्या पंगतीतही विचारला जातो. विचारणारीच्या आवाजात थोडं कौतुक असतं आणि पुष्कळसं 'तुम्ही दोघं अलिबागला फ्लॅटमध्ये आणि म्हातारी तिकडे वाडीत' असं असतं. पूर्वी मी खुलासे देत बसायचे. आता म्हणते, हो, राहतात, त्यांनाच तसं हवंय. पण त्या कशा राहतात हे कोणी विचारत नाही. आज तेच लिहायला बसले आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात कोणी ना कोणी बा आहे, आणि अजून दहा-बारा वर्षांनी आपणच त्या बा होणार आहोत.

आमच्या बा ८७ वर्षांच्या. सासरे २०१९ मध्ये गेले. अलिबागहून रेवदंडा १७-१८ किलोमीटर. जुनं कौलारू घर, मागे पोफळी-नारळीची वाडी, विहीर, आणि गडग्यापलीकडे शेजारच्या वहिनींचं घर. सासरे गेल्यावर आम्ही बांना अलिबागला आणलं. तिसरा मजला, लिफ्ट, सगळ्या सोयी. अकराव्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. म्हणाल्या, "इथे मी पाहुणी आहे. पाणी कुठे गाळायचं ते पण तुला विचारून." (घरात आमचं बोलणं गुजराती, मी इथे मराठीत करून लिहिते आहे.) मला थोडं लागलं. पण मी तरी माझ्या सुनेच्या घरी चौथ्या दिवशी कशी होते, हे आठवून गप्प बसले.

मग आलं निसर्ग वादळ. ३ जून २०२०. लॉकडाऊन होताच. सकाळी अकराला बांशी बोलणं झालं, "वारा सुटलाय, मी मधल्या खोलीत नवकार म्हणत बसते." दुपारी वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं आणि फोन जो बंद झाला तो झालाच. टॉवर नाही, वीज नाही, रस्त्यावर झाडं आणि खांब आडवे. दोन दिवस आम्हाला बांची काही खबर नव्हती. त्या दोन रात्री मी कशा काढल्या ते लिहिणार नाही. तिसऱ्या दिवशी हे स्कूटर घेऊन निघाले, निम्मा रस्ता गाडी ढकलत गेले. घराची अर्धी कौलं उडालेली, वाडी भुईसपाट, आणि बा वहिनींच्या पडवीत बसून डाळ निवडत होत्या. वहिनींचा मुलगा वाऱ्यात गडग्यावरून उडी मारून आला होता आणि आजींना हाताला धरून घेऊन गेला होता. आमच्या आळीत वीज यायला तीन आठवडे लागले.

त्या भीतीतून आम्ही खरेदी सुरू केली. मी बी.कॉम. झालेली बाई, लग्नानंतर नोकरी केली नाही, पण खर्चाची वही चाळीस वर्षं चुकवलेली नाही. त्या वहीत 'बा – सोय' असं एक पान आहे. इनव्हर्टर, कॅमेरा, वेळेवर वाजणारा गोळ्यांचा डबा, पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ. बेरीज ४१ हजारांच्या वर गेली आहे. त्यातला इनव्हर्टर सोडला तर बाकीचे पैसे पाण्यात गेले असं मी एकदा ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, वस्तू चांगल्या आहेत. वस्तू चांगल्याच होत्या.

कॅमेऱ्याचं सांगते. बंगळुरूहून मुलगा आला होता, त्याने मधल्या खोलीत भिंतीवर लावून दिला. ह्यांच्या फोनवर बा दिसायच्या. पहिले दोन दिवस आम्ही चहा पिताना बघायचो, जणू मालिकाच. तिसऱ्या दिवसापासून फोनवर नुसता फिकट निळा रंग. आम्हाला वाटलं बिघडला. जाऊन बघितलं तर बांनी त्यावर जुन्या साडीचा तुकडा टाकलेला. त्या खोलीत त्या सामायिकाचे कपडे बदलतात. आम्हा तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं, आणि त्यांना मुलाला आणि नातवाला सांगायला लाज वाटली. माझ्या खोलीत कोणी असा डोळा बसवला असता तर मी तुकडा नाही, अख्खी चादर टाकली असती. आता तो कॅमेरा बाहेर फाटकाकडे तोंड करून आहे, बांनीच जागा दाखवली. कोण आलं ते त्यांना खाटेजवळच्या छोट्या पडद्यावर दिसतं, आणि वाडीतले नारळ उचलणाऱ्यांवर वचक बसला म्हणून त्या खूश आहेत.

गोळ्यांच्या डब्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. बांना रक्तदाबाची गोळी सकाळी एक, रात्री एक. मुलाने डबा आणला, रोज रात्री आठला तो वाजायचा आणि त्या खणाचं झाकण उघडायचं. बा फोनवर सांगायच्या, "वाजला हो." आम्ही निश्चिंत. दिवाळीच्या साफसफाईत मला देवघराच्या फळीवर एक पितळी डबी सापडली, तिच्यात त्रेपन्न गोळ्या.

मैत्रिणींनो, तुमच्या लक्षात आलंच असेल. बांचा चौविहार आहे, चाळीस वर्षांपासून. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही. आठ वाजता डबा वाजणार आणि त्या गोळी घेणार? डबा बंद करायच्या, गोळी काढून डबीत ठेवायच्या. फेकायची नाही, कारण पैशाची वस्तू. आणि "वाजला" हे त्या खरंच सांगत होत्या, "घेतली" असं कधीच म्हणाल्या नव्हत्या! मी, जिने लग्न झाल्यापासून त्यांचा चौविहार बघितला, मीही आठची वेळ ऐकून मान हलवली होती.

आम्ही बांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी औषध बदलून दिवसातून एकदा, सकाळी नवकारशीनंतर घेण्याचं करून दिलं. हे आमच्या बांपुरतं झालं. तुमच्या घरच्यांच्या गोळ्यांच्या वेळा तुम्ही डॉक्टरांना विचारूनच बदला, पण आपले नियम त्यांना सांगा तरी. त्यांना कसं कळणार? शिवाय सूर्यास्त काही घड्याळाच्या काट्यावर होत नाही. आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास अंधारतं आणि जुलैच्या सुरुवातीला सात वीसच्या आसपास. एकच वेळ लावलेला गजर आपल्या घरात वर्षभर चालत नाही. आता डब्याचा गजर बंद आहे, पण डबा वापरात आहे, कारण आज घेतली की नाही हे रिकाम्या खणावरून कळतं.

पाण्याचंही असंच. बा उकाळलेलं पाणी पितात. गॅस चालू ठेवून वाडीत गेल्या आणि पातेलं करपलं असं एका वर्षात दोनदा झालं. मी विजेची किटली नेली, उकळी आली की आपोआप बंद होते म्हणून. बांना तीन उकाळे हवेत. किटली पहिल्याच उकळीला टक्कन बंद होते. तीनदा खटका दाबून बघितला, मग मला परत दिली. शेवटी इंडक्शनची शेगडी चालली. तिच्यावर मिनिटं लावता येतात, तेवढी झाली की स्वतःच बंद होते. किती मिनिटं लावायची ते बांनीच तीन-चार दिवस पातेल्याजवळ उभं राहून ठरवलं. शेगडीवर त्या बटणाशेजारी मी लाल टिकली चिकटवली आहे. टिकल्यांचा असा उपयोग मी बराच करते. बांच्या साध्या बटणांच्या फोनवरही २ च्या बटणावर टिकली आहे, ते दाबून धरलं की ह्यांना फोन लागतो, ३ म्हणजे मी, ४ म्हणजे वहिनी. ५ च्या बटणावर कंपनीनेच एक बारीक उंचवटा दिलेला असतो, तो बोटाला लागला की बाकीचे अंधारातही सापडतात. तुमच्या घरच्या फोनवर हात फिरवून बघा.

हेही सांगून ठेवते. २०१७ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण असावं असा नियम आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, मोठ्या फोनवर बाजूचं चालू-बंदचं बटण पटापट तीनदा. घरच्या फोनमध्ये ते कसं चालतं हे दुकानदाराकडून समजून घ्या, उगाच दाबून बघू नका, खरंच ११२ ला जातं. बांच्या दाराच्या आतल्या बाजूला मी मोठ्या अक्षरांत कागद लावला आहे. ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ (हा सकाळी आठ ते रात्री आठ), रक्तगट, चालू गोळ्या, डॉक्टरांचं नाव. बांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण तो कागद मुळात धावून येणाऱ्यासाठी आहे.

रात्रीच्या दिव्यावरून मात्र माझं आणि बांचं चांगलंच वाजलं होतं. रात्री न्हाणीकडे जाताना अंधार, म्हणून त्या पडवीतली ट्यूबलाइट रात्रभर चालू ठेवायच्या. पावसाळ्यात सकाळी खाली किड्यांचा सडा. त्याचं त्यांना इतकं वाईट वाटायचं की मग त्या दिवा बंद करून चाचपडत जायच्या. माणूस आल्यावर लागणारा दिवा मी सुचवला, त्यांना वाटलं ही परत काहीतरी यंत्र आणतेय. मग मी त्यांना जयणेच्या हिशेबाने सांगितलं. रात्रभर पांढरा दिवा म्हणजे किती जीव, आणि तुम्ही चालताना अर्धं मिनिट लागणारा मंद पिवळा दिवा म्हणजे किती? पिवळ्यावर किडे कमीच येतात. बांनी दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस? तू पडण्याचं सांगत बसलीस." तीन दिवे लावले, खाटेपासून न्हाणीपर्यंत. पावसाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी फोन करून मुद्दाम सांगितलं की आज पडवीत एकही किडा नाही.

आता घड्याळ. हे सगळ्यात महाग. पडलं की त्याला कळतं, आणि ते घरच्यांना फोन लावतं. बा सकाळी आणि संध्याकाळी सामायिक करतात. अठ्ठेचाळीस मिनिटं विजेच्या कोणत्याही वस्तूला स्पर्श नाही, सेलच्या घड्याळालाही नाही. यावर सगळीकडे एकच मत आहे असं नाही, पण बा पाळतात आणि मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. वेळ बघायला पालिताण्याहून आणलेली रेतीची घडी आहे, सासऱ्यांच्या हातची. सामायिकाला बसताना घड्याळ काढून ठेवायचं, उठल्यावर पुन्हा घालायचं असं ठरलं. उठल्यावर कोण घालतंय? पहिले आठ दिवस घातलं, मग ते खणात.

२०२४ च्या चातुर्मासात, सकाळचं सामायिक पारून उठताना बांचा पाय कटासण्यात अडकला आणि त्या पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. फोन दुसऱ्या खोलीत, घड्याळ खणात, शंभर टक्के चार्ज झालेलं. पाऊस धो धो, त्यामुळे हाक गडग्यापलीकडे जाईना. त्या पावणेदोन तास जमिनीवर होत्या. दूधवाला आला आणि बरणी बाहेर नाही हे बघून त्याने दार वाजवलं. त्या दूधवाल्याचं मी कसं फेडू ते मला अजून कळलेलं नाही.

त्या आठवड्यात घरात 'आता बास, बांना अलिबागला आणायचं' हेच चाललं होतं. मीच सगळ्यात मोठ्याने म्हणत होते. बा काही बोलत नव्हत्या. शेवटी एक दिवस मला म्हणाल्या, "तुम्ही सगळं आणलंत. मला विचारलंत का, कधी भीती वाटते?" मी विचारलं. त्यांचं उत्तर ऐकून मी चाट पडले. रात्रीची भीती नाही, वादळाची नाही. सामायिकातून उठतानाची आणि विहिरीच्या कट्ट्यावरची, या दोनच. आणि तिसरी, गप्प जाण्याची, म्हणजे कोणाला कळलंच नाही अशी.

मग या तिघांपुरतं बघायचं ठरवलं. विहिरीला जाळी बसवली आणि पाण्याला पंप होताच, त्याचा खटका स्वयंपाकघरात आणला. विहिरीवर जायचं कारणच उरलं नाही. (तरी जातात. पण हौसेने.) तिसऱ्या भीतीसाठी मिस्ड कॉल. सकाळी नवकारशी पारली की एक आणि संध्याकाळी पच्चक्खाण घेण्याआधी एक. आम्ही उचलायचा नाही, बोलायचं नाही. त्यांनाही 'मी बरी आहे' असं रोज सांगत बसावं लागत नाही. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहायची, मग आम्ही करायचा, उचलला नाही तर वहिनींना. वर्षभरात चारदा वहिनींना जावं लागलं, चारही वेळा बा फोन पडवीत विसरून वाडीत होत्या.

सामायिकाचं उत्तर मात्र बांनीच काढलं. म्हणाल्या, "दोरी बांधा." कटासण्याच्या जागेपासून, जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला येईल अशी, खिडकीतून बाहेर, पोफळीच्या खांबांवरून गडग्यापलीकडे वहिनींच्या पडवीत, आणि तिथे घंटा. वीज नाही, सेल नाही, टॉवर नाही. पूर्वी वाडीत गड्याला बोलवायला सासऱ्यांच्या वडिलांनी अशीच बांधली होती म्हणे. सुंभाची दोरी पावसात फुगून जड होते, तेव्हा नायलॉन हवं. हे बंदरावरून घेऊन आले, मजबूत होती. बांनी हातात धरली आणि विचारलं, "ही जाळ्याची ना?" परत केली. मग कपडे वाळत घालायची आणली, १८० रुपये. घंटा २५०. ओढायला सोपी जावी म्हणून दोन छोट्या चाकांचे १२०. वहीत तीन ओळी.

पण सामायिकात असतानाच पडल्या आणि दोरी ओढायची वेळ आली, तर नियम मोडतो का, ही शंका बांच्या मनात होतीच. पनवेलला साध्वीजी महाराज होत्या, त्यांना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, आपल्या पच्चक्खाणातच आगार ठेवलेले आहेत, शरीराच्या पीडेत समाधी टिकावी म्हणूनचाही एक आहे, सव्वसमाहिवत्तियागार. आपण तो रोज म्हणतो आणि अर्थाकडे लक्ष देत नाही. म्हणजे ज्यांनी नियम सांगितले त्यांना माणूस पडतो, आजारी होतो हे ठाऊक होतं. आणि एक जास्तीचं सांगितलं, की ८७ व्या वर्षी कटासण्यावरच बसायला हवं असं नाही, पाठ टेकून खुर्चीत बसूनही भाव तोच. खुर्ची बांनी अजून मान्य केलेली नाही. बाजूला एक जड लाकडी स्टूल ठेवू दिलं आहे, धरून उठायला.

दोरीची चाचणी दर सुद एकमेला होते. बा ओढतात, वहिनी उत्तर म्हणून थाळी वाजवतात, मग दोघी गडग्यापाशी येऊन अर्धा तास बोलतात. वहिनींना मी दर वेळी काही देऊ बघते, त्या घेत नाहीत. निसर्गनंतर त्यांच्या पडवीची कौलं आमच्या गड्याने घातली होती, तेवढ्यावर त्या सगळं फिटलं म्हणतात. शेजारीण अशी नसेल तर काय करायचं, असं कोणी विचाराल. खरं सांगायचं तर माझ्या अलिबागच्या मजल्यावर समोरच्या दारात कोण राहतं हे मला नीट माहीत नाही. बांसाठी जे सहज झालं ते माझ्यासाठी होणार नाही. गेल्या महिन्यात मी समोर जाऊन ओळख करून घेतली, घरची सुखडी घेऊन गेले होते. त्यांचं आडनावही मी चार वर्षं चुकीचं समजत होते.

मुलगा नवीन घड्याळ घेऊ का विचारतोय, आता माझ्यासाठी. मी त्याला म्हटलं, आधी मला विचार, मला कधी भीती वाटते. तो गप्प झाला, मग त्याने खरंच विचारलं. मला लगेच उत्तर देता आलं नाही.

बांचं एक राहिलं आहे. दोरी कटासण्यापासून आहे, न्हाणीपर्यंत नाही. तिथे ओली फरशी आहे, आणि आम्ही धरायला दांडा बसवला असला तरी जीव धास्तावतोच. हे म्हणतात त्याच दोरीला फांदा काढू, बा म्हणतात दोन्हीकडून ओढली तर कुठे धावायचं ते वहिनींना कळणार कसं, वेगळ्या आवाजाची दुसरी घंटा हवी. पावसाळ्याआधी ठरवायला हवं. येत्या एकमेला आम्ही दोघं जाणार आहोत, टेप आणि शिडी घेऊन.